बांधातला साप

एका तळ्याच्या मातीच्या बांधावर एक मुंगूस राहत असे. बांधाच्या कोरड्या बाजूला एका खंड्या पक्ष्याने बीळ कोरून पिल्ले वाढवली होती, आणि सापाने ती खाऊ नयेत म्हणून पहारा द्यायचे काम मुंगसाने आपणहून पत्करले होते. कामाला मुंगूस चोख. मागे एकदा बिळाकडे आलेल्या नागाचा त्याने फडशा पाडला, तेव्हा साऱ्या तळ्याने त्याचे कौतुक केले. तेव्हापासून स्वारी जरा ताठ चालू लागली, एवढेच.

त्याच तळ्यात एक रेडा डुंबत असे. त्याला हवे गळ्याइतके पाणी. जास्तीचे पाणी सांडव्यातून वाहून जाते, हे काही त्याला पाहवेना. मग पठ्ठ्याने शिंगांनी चिखल आणि लव्हाळी ओढून सांडवा बुजवून टाकला आणि डोळे मिटून खुशाल बसला. तळे चढत गेले. पाण्याचा दाब बांधावर पडू लागला आणि बांधातल्या बारीक फटींतून 'फुस्स, फुस्स' असा आवाज येऊ लागला.

आता मुलांनो, असा आवाज ऐकून तुम्ही-आम्ही फार तर वाकून पाहू. मुंगसाला मात्र त्याचा एकच अर्थ ठाऊक. त्याच्या अंगावरचे केस ताठ झाले. "साप आत शिरलाय," असे म्हणून त्याने आवाजाच्या जागी नखांनी माती उकरायला घेतली. साप सापडला नाही. फट तेवढी रुंदावली आणि आवाज वाढला. "एक नाही, बरेच आहेत," असे मुंगसाने ठरवले आणि सगळी भावकी बोलावून घेतली. भावकी आली ती उकरतच. उकरून झालेल्या जागी साप परत येऊ नये म्हणून तिने दगडगोटे ठासले. पाण्याचा रेटा थोडाफार सोसून घेणारा मऊ बांध त्यामुळे जागोजाग कडक झाला, आणि उरलेल्या मातीला पाणी जास्तच जोराने ढकलू लागले. फुसफुस काही थांबेना.

हे सारे एक कासव पाहत होते. ते म्हणाले, "मुंगूसदादा, तो साप नव्हे. पाणी चढलंय. रेड्याला सांडवा मोकळा करायला सांग, आवाज आपोआप बंद होईल."

"सापाचा आवाज तू मला शिकवणार?" मुंगूस म्हणाले. "पिल्लं माझ्या भरवशावर आहेत. मी हात आखडला आणि त्यांना काही झालं, तर तोंड कुठे लपवू?"

त्याला खरोखरच भीती वाटत होती, आणि भ्यालेल्याची समजूत घालणे कासवाला जमले नाही.

मग आवाज थेट खंड्याच्या बिळाशेजारून येऊ लागला. मुंगूस तिकडे धावले आणि जिवाच्या आकांताने उकरू लागले. तोच माती ढासळली आणि पाणी बिळात घुसले. खंड्याने कशीबशी पिल्ले बाहेर ओढली. सगळ्यांत धाकटे मात्र त्याच्या चोचीला लागले नाही.

तळे रिकामे होणार असे दिसताच रेड्याची झोप उडाली. कासवाने सांगितले तसा त्याने मुकाट्याने सांडवा मोकळा केला. पाणी उतरले, तसा आवाज मंदावला आणि मग थांबला. मुंगसाने ढासळलेली माती पुन्हा पुन्हा हुंगून पाहिली. सापाचा वास कुठेच नव्हता. सगळीकडे त्याचा स्वतःचा आणि त्याच्या भावकीचाच वास होता.

"साप कुठाय, मुंगूसदादा?" खंड्याने विचारले.

मुंगसाला मान वर करवेना. खंड्याने उरलेली पिल्ले पंखाखाली घेतली आणि म्हणाला, "नाग आला असता, तर मी त्यांना घेऊन पळालो असतो रे. तू होतास म्हणून थांबलो."

तात्पर्य : रक्ताचा दाब चढून राहिला की अंगातले रोगांशी लढणारे शिपाईही असेच बिथरतात आणि शत्रू नसताना आपल्याच रक्तवाहिन्या पोखरू लागतात, म्हणून शिपायांना बोल लावत बसण्याआधी दाब उतरवावा.