सगळे धागे पांढरे

डोंगरापलीकडच्या एका गावात थकल्याभागल्या म्हाताऱ्यांसाठी एक आश्रम होता. त्यात दोन दालनं होती. एकाची देखभाल सगुणा करी आणि दुसऱ्याची भागू.

तिथली एक रीत होती. रोज सकाळी सेविकेने प्रत्येकाला चालवून पाहायचं आणि मग त्याच्या खाटेला धागा बांधायचा. आपलं आपण नीट चालणाऱ्याला पांढरा, हात धरावा लागणाऱ्याला तांबडा. आश्रमातले बाकीचे लोक तो धागा बघूनच वागत.

एका सकाळी वैद्यबुवा आले. सगुणाला म्हणाले, "शाबास, पोरी!" भागूच्या दालनातून मात्र नुसती नजर फिरवून निघून गेले. झालं! भागूच्या पोटात दुखू लागलं. दुपारी तिला घास गोड लागेना. सगुणाकडे पांढरे धागे जास्त असणार, म्हणूनच तिचं कौतुक, असं तिने ठरवूनही टाकलं. जाऊन बघायची तसदी घेतली नाही. जळणाऱ्याला तेवढी फुरसत कुठली?

दुसऱ्या दिवशी तिने कुणालाच चालवून पाहिलं नाही. सगळ्या खाटांना पांढरे धागे बांधत सुटली.

रखमाजी आबा म्हणाले, "अगं भागू, माझे पाय लटपटतात. तांबडा बांध."

"काही होत नाही, आबा! त्या सगुणाची माणसं चालतात, मग माझी का नाही चालणार?"

थोड्या वेळाने आंघोळ घालणारा गडी आला. पांढरा धागा बघून म्हणाला, "आबा, पाणी काढलंय. या तुमचे तुम्ही." आणि पुढे गेला. न्हाणीतल्या ओल्या फरशीवर आबा पडले. कमरेचं हाड मोडलं.

वैद्यबुवा धावत आले. खाटेचा धागा बघून त्यांनी विचारलं, "हे काय गं?"

भागू रडतच म्हणाली, "तुम्ही सगुणाला शाबासकी दिलीत. मलाही हवी होती."

"अगं, तिच्याकडच्या एका आजींचा तोल जायला लागलाय, हे तिने वेळेवर ओळखलं. पांढरा सोडून तांबडा बांधला, म्हणून दिली शाबासकी!"

भागूने खाटेचा पांढरा धागा सोडला आणि तांबडा बांधला.

आबा पुन्हा कधी चालले नाहीत. भागू त्यांना भरवायची, कुशीवर वळवायची, रोज माफी मागायची.

आबा एवढंच म्हणायचे, "मी सांगत होतो गं तुला."

तात्पर्य: माणसाची प्रकृती आहे तशीच सांगावी. हेव्यापायी ती चांगली ठरवली, तर भोगावं लागतं ते त्या बिचाऱ्याला.