घंटेतली चिंधी

विहाराच्या मागच्या कुंपणातून एक तरुण उपासक आत येऊन बसे. पुढच्या रस्त्यावर त्याचे सावकार भेटत. त्याला पाहून विहारात धर्म शिकवणाऱ्या शास्त्यांनी ही कथा सांगितली.

गोदावरीकाठच्या पोतली नगरात अश्मक राजाचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व एका तेल्याच्या घरी जन्मला. नाव सुमन. त्याच्या लहानपणीचा आवाज म्हणजे बैलाच्या गळ्यातली घंटा. बाप गाडी घेऊन निघाला की ती वाजे आणि बाया भांडी घेऊन दारात येत.

बाप गेल्यावर सुमनने हौसेने गाडीला चांदीचा साज चढवला. पैसा वासुक सावकाराचा, तेलाचे घडे कुंभारणीकडून उधार. फेड जमेना, तेव्हा त्याने घंटेत चिंधी कोंबली आणि तो मागच्या गल्ल्यांनी गाडी हाकू लागला. सावकाराला घंटा ऐकू येईना, तशी ती गिऱ्हाइकांनाही येईना. तेल तसेच घरी परत येऊ लागले. नगराची रीत अशी की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जो कर्ज फेडणार नाही, त्याने सावकाराचा दास व्हायचे. पौर्णिमेला चार महिने उरले होते.

एका सकाळी कुंभारीण गल्लीत आडवी आली. सुमनची मान खाली गेली.

"बैल मुका झाला काय रे?" ती म्हणाली. "घड्यांचं राहू दे, आधी तेल दे. चार दिवस घरात दिवा नाही."

सुमनने तिचे भांडे भरले. मग चिंधी उपसली आणि गाडी राजरस्त्याला घेतली. वासुकाच्या दाराशी तो आपणहून थांबला. किती देणे आहे आणि दर बाजाराला किती देता येईल, ते त्याने चारचौघांत सांगितले.

वासुक हसला. "कशाला दगदग? सण आलाय, अजून थोडे ने. दास म्हणून माझ्याकडे शोभशील तू."

"नको, काका. आता फक्त द्यायला येईन."

त्याने चांदीचा साज विकला. आधी कुंभारणीचे लहान देणे फेडले. रोजच्या विक्रीतून तिळाचे पैसे बाजूला काढी, मग घरखर्चाचे, आणि उरलेले वासुकासाठी राखून ठेवी. साध्या गाडीला लोक हसले, पण तेल तिच्यावरूनच घेत. पौर्णिमेच्या दिवशी शेवटचे नाणे वासुकाच्या हातावर पडले. वासुकाने ते दोनदा उलटून पाहिले आणि उठून त्याला बसायला पाट दिला.

शास्ता म्हणाले, "तेव्हाची कुंभारीण म्हणजे आज दारातल्या माठात पाणी भरणारी थेरी, ही ज्येष्ठ भिक्षुणी. वासुक म्हणजे तिच्या शेजारी बसलेला वृद्ध भिक्षू. सुमन मीच होतो. लाज गिळून खरे सांगणे, आणि सांगितले तसे वागणे, ही सत्यपारमिता, सत्याची पूर्णता."

तरुण उपासक उठला. त्याने वंदन केले आणि तो पुढच्या दाराने रस्त्यावर गेला.