रिकाम्या पायऱ्यांचे युकागे

युकागे गावात सात पाहुणेघरे आहेत, आणि सातांपैकी एकाच्याही पायरीवर कधी वहाण दिसत नाही. जपानच्या डोंगरांत गरम पाण्याच्या झऱ्यांची गावे पुष्कळ. तिथे दारात काढलेल्या पादत्राणांवरून आत किती माणसे उतरली आहेत ते रस्त्यावरूनच कळते. युकागेत कळत नाही. पाहुण्याने बूट काढले की घरातले कोणीतरी ते उचलून आत नेते. गावाच्या वर, खिंडीकडे जाणाऱ्या वाटेवर, याच्या अगदी उलट. तिथे देवदारांच्या खोडांना वीस-वीस पावलांवर पेंढ्याची एकेक वहाण बांधलेली असते, आणि ती का, हे ठाऊक नसलेला माणूस जरा बिचकतोच.

ही हकिकत सांगावी ती तोमिए आजींनी. खालून चौथे घर त्यांचे. पण त्या ती घरात बसून सांगत नाहीत. घर भरलेले असले आणि दारात नवे पाहुणे आले, की आजी त्यांची पिशवी उचलून पुढच्या घराकडे चालू लागतात, आणि चालता चालता सांगतात. वयाची ऐंशी केव्हाच उलटली आहे. पिशवी परत मागितली तर त्यांना नेमके तेव्हाच ऐकू येत नाही.

"आमचे पूर्वज दिखाऊ होते," अशी त्यांची सुरुवात असते.

फार पूर्वी, असे सांगतात, या चौथ्या घरात शिनो नावाची विधवा राहत असे. नवरा जाऊन तीन वर्षे झाली होती. एकट्या बाईच्याने पाहुणेघर चालायचे नाही, असे गावाने परस्पर ठरवून टाकले होते. ते तिच्या कानावर आले होते, आणि तेव्हापासून ती घराची जमीन दिवसातून दोनदा पुसत असे. समोरच्या घरात गेन्पाची. माणूस वाईट नव्हता, पण येता-जाता "आज किती मंडळी?" असे विचारायची त्याला खोड होती.

त्या वर्षी पाऊस असा झाला की डोंगराचा एक अख्खा कडा खालच्या रस्त्यावर आला. दरीतून येणारी वाट तुटली. पाहुणे आटले. झऱ्याचे पाणी मात्र होते तसेच वाफाळत होते, आणि त्यात उतरायला कोणी नव्हते.

मग कोणाच्या तरी डोक्यात आले, म्हणे, की रिकामी पायरी बरी दिसत नाही. त्याने घरातल्या जुन्या वहाणांचे दोन जोड दारात मांडले. चुकूनमाकून कोणी आलेच, तर दोन माणसे उतरलेले घर पाहून त्याला भरवसा वाटेल, एवढाच हेतू. पहिले कोणी मांडले? गेन्पाचीच्या वंशातले शिनोचे नाव घेतात. तोमिए आजी शिनोच्या घरातल्या, तेव्हा इथे त्यांना खोकला येतो.

पुढे मात्र काही धरबंधच राहिला नाही. एकाने दोन मांडले तर शेजाऱ्याने चार. बर्फ पडू लागेपर्यंत गेन्पाचीच्या पायरीवर नऊ जोड झाले आणि शिनोच्या पायरीवर अकरा. अकरावा जोड तिच्या नवऱ्याचा होता. तो काढताना तिला वाईट वाटले, पण तिने काढला. रोज सकाळी ती वहाणांवरचे बर्फ झटकी आणि त्यांची जागा थोडी बदलून ठेवी, म्हणजे पाहुणे आंघोळीला जाऊन आले असे वाटावे. अशा सात पायऱ्यांवर साठावर जोड, आणि सातही घरांत मिळून पाहुणा एक नाही.

आणखी एक गोष्ट होती. जाणाऱ्या माणसाला दारातून हाक मारणे युकागेत कमीपणाचे समजत. गिऱ्हाईक ओढणे खालच्या बाजारात शोभते, आपल्याकडे लोक आपणहून येतात, असा मोठा ताठा होता.

एके दिवशी दुपारी बर्फ भुरभुरत असताना शिनोला कागदी दाराच्या फटीतून एक बाई येताना दिसली. पाठीवर लाकडी चौकट, आणि चौकटीत बसवलेला म्हातारा. त्याचे पाय काठीसारखे ताठ पुढे आलेले. दोघे कोसळलेल्या रस्त्याला वळसा घालून, रानातून आलेली दिसत होती. बाई शिनोच्या पायरीपुढे थांबली. तिने वहाणांवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पाठीवरचे ओझे सांभाळत ती बंद दाराला कमरेत वाकली, आणि पुढे चालू लागली.

शिनोचा हात दारावर होता. हाक अगदी ओठांवर आली होती. पण ती बाहेर पडली नाही. समोर गेन्पाचीची खिडकी होती ना. जातील त्याच्याकडे, असे तिने मनाशी म्हटले, नऊ जोडांचे घर जरा मोकळे वाटले असेल. आणि ती फणकाऱ्याने आत जाऊन चहाचे पाणी ठेवू लागली.

चहा होतो न होतो तोच गेन्पाची आला. हातात मुरवलेल्या मुळ्याची वाटी. ती अर्थातच निमित्त होती.

"मंडळी दमलेली दिसत होती," तो म्हणाला. "म्हटलं, म्हाताऱ्याला जेवणाबरोबर मुळा आवडेल."

"कोणत्या म्हाताऱ्याला?"

"तुमच्याकडे उतरलेत ना, शिनो-सान? पाठीवर बापाला घेऊन आलेली ती."

"माझ्याकडे कुठे? मला वाटलं, तुमच्याकडे."

आपले घर भरले आहे म्हणून त्यांना पुढे पाठवले, असे दोघांपैकी कोणीही म्हणू शकले असते. शिनोने मान खाली घातली आणि म्हणाली, "माझ्याकडे कोणीच नाही, गेन्पाची-सान. सुगी संपल्यापासून नाही."

"माझ्याकडेही नाही," गेन्पाची म्हणाला. वाटी त्याच्या हातातच राहिली.

मग ती दोघे धावत सुटली. पाचव्या घरी विचारले, सहाव्या, सातव्या. प्रत्येक दारात आधी तेच कबूल करावे लागले, की आमचे घर रिकामे आहे, तुमचे? आणि प्रत्येक घर रिकामे निघाले. सातव्या घराच्या म्हातारीने त्या बापलेकींना जाताना पाहिले होते. तिच्याही पायरीपुढे बाई थांबली होती, वाकली होती, आणि वर खिंडीच्या वाटेला लागली होती. खिंडीपलीकडचे झऱ्याचे गाव अर्ध्या दिवसाच्या चालीवर. आणि बर्फ आता भुरभुरत नव्हते, कोसळत होते.

जागा नाही म्हणून माणसे मरायला निघाली होती, आणि जागा तर सगळीच होती.

"वर जाऊ, पण परत कसे येणार?" गेन्पाची म्हणाला. "आपलीच पावलं दहा पावलांवर पुसली जातील. शोधायला गेलेलेही हरवतील." तो भित्रा नव्हता, खरेच बोलत होता.

शिनो घराकडे वळली. तिने पायरीवरच्या अकरा जोड वहाणा ओच्यात भरल्या आणि परत आली. "या झाडांना बांधत जाऊ," ती म्हणाली. "यांचा दुसरा काय उपयोग आहे?"

कोणी कोणाकडे पाहिले नाही. पण थोड्याच वेळात सातही पायऱ्या मोकळ्या झाल्या. साठावर जोड, म्हणजे सव्वाशे वहाणा. वीस पावले गेले की एक वहाण खोडाला बांधायची, तिच्यावरून मागची दिसते ना ते बघायचे, आणि पुढे निघायचे. अशी ती सात घरची माणसे खिंड चढू लागली.

वाट संपली नाही, पण वहाणा संपत आल्या. गेन्पाचीने शेवटची बांधली आणि तो थांबला. आता पुढे पाऊल टाकणे म्हणजे वेडेपणा. शिनोने मात्र एक जोड अंगरख्याच्या आत ठेवला होता. नवऱ्याचा. त्यातली एक तिने बांधली, वीस पावले मोजून दुसरी बांधली. यापुढे तिच्याजवळ काही उरले नव्हते. दिसत तर काहीच नव्हते.

तेव्हा तिथे उभी राहून ती ओरडली. जिने जन्मात कधी पाहुण्याला दारातून हाक मारली नव्हती ती शिनो बेंबीच्या देठापासून ओरडली, "या हो, परत या! माझं घर रिकामं आहे! जागा आहे!"

मागून गेन्पाची ओरडला, "माझंही रिकामं आहे!" मग सगळेच ओरडू लागले. इतके दिवस जे झाकून ठेवले होते ते त्या माळेतला प्रत्येक जण डोंगराला ओरडून सांगत होता.

त्या वेळी वारा अचानक पडला, असे सांगतात. कोणी म्हणते, ती डोंगराच्या देवाची कृपा. तोमिए आजी म्हणतात, कृपा असेलच, पण आमच्या घरातल्या बायकांचा आवाजही मोठा आहे. ते काही असो, खालच्या अंगाला एका कपारीतून उत्तर आले. बारीक, पण आले.

बाईने आपला कापूस भरलेला अंगरखा बापाला गुंडाळला होता आणि त्याचे पाय मांडीवर घेऊन ती चोळत बसली होती. तिचे स्वतःचे ओठ निळे पडले होते. गेन्पाचीने म्हाताऱ्याला पाठीवर घेतले, शिनोने तिला. वहाणेमागून वहाण शोधत सगळी माणसे दिवे लागायच्या आत गावात पोचली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

बाईचे नाव हात्सु. ऊब मिळून बोलता येऊ लागल्यावर तीच माफी मागू लागली. "तुम्हाला फार त्रास झाला," ती म्हणाली. "सगळी घरं भरलेली दिसली. उगाच कोणाला नाही म्हणायला लावायचं, म्हणून हाक दिली नाही."

तिने दोष दिला असता तर सोसता आला असता. शिनोने कपाळ जमिनीला टेकवले. तिला म्हणायचे पुष्कळ होते, पण तोंडातून एवढेच आले, "सापडलात, उपकार झाले तुमचे."

आता पाहुणे कोणाकडे राहणार यावरून वाद सुरू झाला. प्रत्येकाला ते आपल्याच घरी हवे होते. गुडघे धरलेल्या माणसाने युकागेच्या पाण्यात एकवीस दिवस बसायचे असते, त्यासाठीच तर ती दोघे आली होती. वाद ऐकून ऐकून म्हातारा दिवसभरात पहिल्यांदा बोलला. "एकवीस दिवस आहेत, आणि घरं सात. तीन-तीन रात्री करा, आणि मला झोपू द्या."

तसेच झाले. बाविसाव्या दिवशी तो काठी टेकत, आपल्या पायांनी गाव उतरला. हात्सु प्रत्येक घरापुढे आभार मानायला थांबली, तर प्रत्येक घरचे लोक तिच्याआधीच वाकलेले. पायऱ्यांवर त्या दिवशीही एक वहाण नव्हती. झाडांवरच्या कोणी काढून आणल्या नाहीत. कुजल्या तशा नव्या बांधल्या.

आजही पहिले बर्फ पडले की सात घरची माणसे नव्या वहाणा घेऊन खिंडीत जातात, आणि शेवटचे झाड आले की तिथून एकदा, जितके जोरात ओरडता येईल तितके, "जागा आहे!" असे ओरडतात. आजही युकागेत घर भरले असेल तर यजमान नुसते नाही म्हणत नाही. तो पाहुण्याबरोबर चालत निघतो, आणि पाहुण्याला अंथरूण मिळाल्याशिवाय घरी परतत नाही. पुढचे घरही भरलेले निघाले, तर त्या घरचा माणूसही सोबत निघतो. ऐन पानगळीच्या मोसमात एकेका पाहुण्यामागे अशी पाच-सहा यजमानांची वरात रस्त्याने जाताना दिसते.

एकदा, म्हणे, सातही घरे भरलेली निघाली. सात यजमान आणि मध्ये ओशाळलेले दोन पाहुणे. तोमिए आजींनी त्यांना पुन्हा आपल्याच घरी आणले, स्वतःच्या खोलीत निजवले, आणि स्वतः स्वयंपाकघरात चुलीपाशी पडल्या. सकाळी पाहुणे आभार मानायला शब्द शोधत होते. तोवर आजींनी कपाळ जमिनीला टेकवले होते.

"दार बंद होतं, तरी हाक मारलीत," त्या म्हणाल्या. "उपकार झाले तुमचे."