पातेऱ्यावर बसलेली बाई

फार पूर्वी, समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या एका गावात जायफळांची एक मोठी बाग होती. बागेच्या धन्याच्या आजोबांनी रान तोडून ती लावली होती. बागेभोवती तांबड्या दगडांचा गडगा होता. गडग्याच्या अलीकडे बाग आणि पलीकडे उरलेले रान. त्या रानात कोणी झाडलोट करत नसे, टोपलीभर खत घालत नसे, तरी तिथली झाडे मान वर करून पाहावी लागतील एवढी वाढली होती. पण गावातल्या शहाण्या माणसांना गडग्यापलीकडे बघायला सवड नव्हती.

बागेचे पाच वाटे होते आणि ते पाच घरे राखत. एका वाट्यात चाळीस झाडे आणि राहायला एक खोपी. वाटा गेला की खोपीही गेली.

गावाला भारी अभिमान होता तो बागेच्या स्वच्छतेचा. रोज सकाळी पाचही वाट्यांत खराटे फिरत. गळलेल्या पानांचा पातेरा गडग्याबाहेर नेऊन जाळून टाकत. महिन्यातून एकदा प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती कुदळीने माती खणून मोकळी करत. आणि नवान्नाच्या दिवशी परीक्षा असे. धनी प्रत्येक वाट्यात नव्या भाताचे एकवीस दाणे फेकी. वाटेकऱ्याने ते सगळे वेचून ताटात परत द्यायचे. एकवीसच्या एकवीस मिळाले, तर धनी वाटेकऱ्याच्या खांद्यावर शेला घाली. दाणे हरवले, तर जमीन घाण ठरे आणि वाटा काढून घेतला जाई. इतक्या वर्षांत एकही दाणा हरवला नव्हता.

फक्त झाडे पिवळी पडत चालली होती. धन्याने गाडीभर शेणखत घातले, पण चार पावसांत ते सगळे ओढ्याला गेले. बागेवर देखरेख करणारा त्याचा मुकादम म्हणाला, स्वच्छता कमी पडते आहे. मग खराटे दिवसातून दोनदा फिरू लागले आणि कुदळी आणखी खोल गेल्या.

एका वाट्यावर आवडी नावाची बाई होती. घरात एकटीच. तिची चाळीस झाडे तिच्या आईने जुन्यांच्या जागी नव्याने लावलेली. आईने मडक्याने पाणी घालून ती जगवली आणि ती फळायला लागायच्या आतच आई वारली. त्यामुळे झाडांचे एक पान पिवळे झाले तरी आवडी ते हातात घेऊन बघत बसे.

एका दुपारी ती बुंध्याशी खणायला बसली. गडग्याशेजारचे झाड होते. तिथल्या कोपऱ्यात खराटा नीट पोचत नसे आणि रानातली पानेही वाऱ्याने येऊन पडत. ती एक अर्धे कुजलेले पान बाजूला सारू लागली, तर ते येईना. उलटून पाहिले. केसासारखे एक बारीक मूळ मातीतून वर आले होते आणि त्या पानाला चिकटले होते, वासरू आचळाला लागते तसे. मुळापासून पानावर पांढऱ्या बुरशीचे तंतू पसरले होते. तिने ओढले. पान फाटले, पण मुळाने आपला तुकडा सोडला नाही.

आवडीने मग हातभर खोल खणून पाहिले. खाली नुसता तांबडा मुरूम. त्यात जाड मुळे होती, झाडाला घट्ट धरून ठेवणारी. पण खाणारी बारीक मुळे सगळी वर, चार बोटांच्या आत. मग ती गडग्यावर चढून रानात गेली. तिथे जिथे म्हणून पातेरा उचलला, तिथे मुळांची गोधडीच अंथरलेली. पान पडते आहे, कुजते आहे, आणि कुजता कुजताच मुळे ते शोषून घेत आहेत. पावसाला वाहून न्यायला काही उरतच नव्हते.

परत येऊन तिने आपल्या हातातल्या कुदळीकडे पाहिले. दर महिन्याला या कुदळीने आपण झाडांची तोंडे तोडत होतो आणि रोज सकाळी त्यांच्यापुढचे अन्न उचलून जाळत होतो. तिला रडू आले आणि मग संताप आला, स्वतःचा आणि त्या एकवीस दाण्यांचा. तिने कुदळ खोपीच्या आढ्याला टांगली आणि खराटा हातात धरला नाही तो धरलाच नाही.

शेजारणी आधी हसल्या. मग पातेऱ्यात साप येतील म्हणून ओरडल्या. आवडी म्हणे, तुमचाही पातेरा जाळण्यापेक्षा मला द्या. तेवढीच जाळायची दगदग वाचली म्हणून त्या टोपल्या भरभरून देत आणि पाठमोरी झाली की तिला पातेरेवाली म्हणत. नवान्नाच्या दिवसापर्यंत तिच्या वाट्यात घोट्याएवढा पातेरा साचला होता.

त्या दिवशी धन्याने चार वाट्यांत दाणे फेकले, चारही वाटेकऱ्यांनी ते वेचून दिले. पाचव्या वाट्यात फेकले, तर ते पानांत दिसेनासे झाले. सगळे गाव आवडीच्या तोंडाकडे बघू लागले. ती वाकली नाही.

"वेच," धनी म्हणाला.

"नाही वेचत, धनी. झाडांच्या ताटात पडलेत, झाडांनाच खाऊ दे."

धन्याला वाटले, बाई भ्रमिष्ट झाली. झाडे कधी कचरा खातात का, असे त्याने विचारले. आवडीने एक पान उचलून त्याला मूळ दाखवायला हात पुढे केला, पण धन्याने बघितलेसुद्धा नाही. त्याने मुकादमाला सांगितले, चार माणसे घे आणि आत्ताच्या आत्ता हा वाटा झाडून काढ.

चार खराटे पुढे आले. खोपी गेली तर आवडीला जायला दुसरी जागा नव्हती. पण आईच्या हातच्या झाडांसमोरून ताट ओढू देणे तिला जमेना. ती पातेऱ्यात मधोमध मांडी घालून बसली.

"वाटा घ्या, खोपी घ्या," ती म्हणाली. "पण पातेऱ्याला हात लावायचा तर आधी मला उचला. आणि मला उचलणाऱ्यानं आधी सांगावं, गडग्यापलीकडं कोण झाडतं?"

खराटेवाले जागीच थांबले. सगळ्यांच्या माना नकळत रानाकडे वळल्या. धन्याचीही वळली, पण माघार घेणे त्याच्या पागोट्याला शोभणारे नव्हते. तो म्हणाला, पुढच्या नवान्नापर्यंत मुदत. तुझ्या चाळीसातले एक झाड जरी मेले तरी नेसत्या लुगड्यानिशी बाहेर. आणि खताची एक टोपलीही मिळणार नाही.

"ठेवा तुमचं खत," आवडी म्हणाली. "ओढ्याला उपयोगी पडेल."

उन्हाळ्यात तिची झाडे पिवळीच होती. मुकादम रोज गडग्यावरून डोकावून मरायला टेकलेले झाड शोधी. आवडी त्याच्यासमोर खुशाल आणखी एक टोपली पातेरा पसरी आणि तो गेला की भीत भीत पाने उलटून बघे. मुळे सावकाश वर येत होती.

मग पाऊस लागला. चार वाट्यांतून खत आणि माती घेऊन तांबडे पाणी धावले. आवडीच्या वाट्यातून वाहिले ते पाणी नितळ होते. गौरी-गणपतीपर्यंत तिच्या झाडांना काळसर हिरवी पालवी आली आणि फळे उकलून आतली लालभडक जायपत्री दिसू लागली. बाकीच्या वाट्यांत त्या वर्षी चौदा झाडे वाळली.

नवान्नाला धनी आला. आवडीची चाळीसही झाडे त्याने स्वतः मोजली, दोनदा. मग त्याने एकवीस दाणे फेकले आणि सगळ्यांदेखत स्वतःच शोधायला वाकला. दाणा सापडला नाही. एक पान उचलू गेला तर ते येईना. त्याने ओढले, पान फाटले, मुळाने तुकडा सोडला नाही.

उठल्यावर त्याने शेला मागवला. आवडीने तो परत केला.

"शेला नको. गावातले सगळे खराटे द्या."

खराटे आले, मुकादमाचासुद्धा. आवडीने त्यांच्या गाठी सोडून हीर, म्हणजे खराट्याच्या काड्या, पाचही वाट्यांतल्या बुंध्यांभोवती अंथरले आणि वर पातेरा पसरला. काही पावसाळ्यांनंतर कोणी तरी ते शोधायला गेले. एकही हीर मिळाला नाही. मुळांनी खाऊन टाकले होते.

तात्पर्य, ज्याला आपण कचरा म्हणतो ते कुणाचे तरी जेवण असू शकते, म्हणून झाडण्याआधी वाकून बघावे. आणि बघून खात्री पटली, तर समोर धनी उभा असला तरी जागचे उठू नये.