गोंदजीचे कावळे

पांढरकड्याच्या किल्ल्यावरून अजून तोफ उडायची, त्या काळची ही गोष्ट. पायथ्याच्या तळवट गावातल्या गोंदजीने बांधाच्या भांडणात लखमाला कोयत्याने मारलं. लखमाच आधी अंगावर आला, असं त्याने सांगितलं, म्हणून कडेलोट टळला आणि जन्माची कैद मिळाली.

कोठडीत बोलायला माणूस नव्हतं. झरोक्यात पाखरं यायची. गोंदजी त्यांना भाकरीचा तुकडा द्यायचा आणि बघत बसायचा. बघता बघता पाखरांचं सगळंच त्याला कळायला लागलं. दुखावलेला पंख तो बरा करी, घारीच्या घिरट्यांवरून पाऊस सांगी. पुढे पुढे तो बोलला की पाखरं गप्प होत, आणि तो गप्प झाला की बोलत. पहारेकरी त्या दाराशी थांबायला भीत, असं म्हणतात.

इकडे लखमाची आई धोंडाई झुरत होती. लखमाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली, पण आईचं मन कुठलं मानायला! दर वर्षी ती पान वाढायची आणि दर वर्षी भात तसाच वाळायचा. लेकाचा जीव अडकलाय, या एकाच विचाराने ती खंगली. शेवटी मन घट्ट करून म्हातारी गड चढली. किल्लेदाराने गोंदजीला बेड्यांसकट तिच्यासमोर उभं केलं.

“गोंद्या, पाखरं तुझं ऐकत्यात म्हणं. माझ्या लेकाला कावळा बोलाव.”

म्हातारीने तिथेच भाताचं पान मांडलं आणि गोंदजीने साद घातली. तटावर, झाडांवर, तोफांवर कावळेच कावळे झाले, आणि एकाचाही आवाज नाही. पानाकडे कुणी पाहीना. सगळे बघत होते गोंदजीकडे.

ते काय मागताहेत, हे त्याला नाही कळणार तर कुणाला? खरं बोललो तर कडेलोट ठरलेला, हेही कळलं. तरी त्याने म्हातारीचे पाय धरले.

“आई, लखमा अंगावर आला न्हवता. पाठमोरा बसून भाकर खात हुता. म्या मागनं घाव घातला.”

तेव्हा कुठे पहिला कावळा भाताला शिवला. धोंडाईने हंबरडा फोडला.

गोंदजीचा त्याच दिवशी कडेलोट झाला. खाली शोधलं तर नुसत्या बेड्या सापडल्या, त्याही न उघडलेल्या, असं म्हणतात. त्याच्या नावाचा पिंड धोंडाईनेच केला. तो खाली ठेवायच्या आतच कावळ्याने तिच्या हातातून नेला.

तळवटात आजही कावळा शिवेना झाला, की गोंदजीचं नाव घेऊन घरचा एकेक माणूस पुढे येतो आणि गेलेल्याशी आपण काय वाईट वागलो, ते चारचौघांत मोठ्याने सांगतो. म्हणून तिथली शहाणी माणसं, घरातलं म्हातारं अंथरुणाला खिळलं की आधीच त्याच्या उशाशी जाऊन माफी मागून येतात.