अळणी हिरायचे आगर

एका राज्यात पुष्पसेन नावाचा राजा होता. शूर होता, देखणा होता, फक्त स्वस्त वस्तू दिसली की त्याचे भान सुटत असे. राज्य समुद्राकाठचे, आणि काठावर नजर पोचेल तिथवर मिठागरे. उधाणाचे पाणी बांधाच्या उघाडीतून, म्हणजे छोट्या दारातून, आत घ्यावे, उन्हात आटवावे, तळाशी उरलेले करडे जाड खडे लाकडी फावडीने ओढून रास घालावी, हा तिथल्या आगरकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पाऊस सरला की आधी आगराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागे. तुडवला नाही तर तिवरांची झाडे माजत आणि आगर गिळून टाकत.

त्या राज्याच्या भूमीवर एक जुनी आण होती. ज्याचे मीठ सर्वांत शेवटी पोटात गेले, त्याच्याविरुद्ध हात उचलता यायचा नाही की जीभ हलवता यायची नाही. मीठ घरचे होते तोवर या आणेचा कुणालाच त्रास नव्हता.

मग सात समुद्रांपलीकडून शुभ्रकेतू नावाचा मांत्रिक आला. त्याच्या गलबतांत पांढरेशुभ्र, पिठासारखे बारीक मीठ. भाव जवळजवळ फुकट. इथल्या आगरातली रास नुसती बैलगाडीत चढवायची म्हटली तरी त्याहून जास्त पडले असते. अरे, कुणीतरी विचारायचे ना, की बाबा, इतक्या लांबून आणून तुला हे परवडते कसे? पण नाही! दरबारात टाळ्या पडल्या.

"महाराज, प्रजेचे भाग्य उजळले," दिवाणजी म्हणाले.

राजाने कोठारे भरून घेतली आणि आगरकऱ्यांना निरोप धाडला, "तुम्हीही भाव उतरवा." कुठून उतरवणार? पोटातून? आणि ते आगरकरीही काय सांगावे! दिवसभर मांत्रिकावर मनातल्या मनात जळफळायचे आणि तिन्हीसांजेला त्याचेच मीठ पदराला बांधून घरी न्यायचे. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच.

एकदा जवळजवळ सगळ्यांच्या पोटात आपले मीठ गेल्यावर शुभ्रकेतू म्हणाला, "राजा, आता हे बांध कशाला? उघाड्यांना माझी कुलपे घाल." राजाने घातली. आगरे सुकली. माणसे डोंगरात खडी फोडायला गेली.

एकटी हिराय गेली नाही. सगळ्यांत टोकाचे आगर तिचे, आणि तोवर तिने त्याच आगरातले मीठ खाल्ले होते. उघाडीला कुलूप पडले त्या दिवशी ती बांधावर उभी राहून म्हणाली, "माझं आगर पिकेल तेव्हाच मीठ खाईन." आणि अळणी भात जेवू लागली. लोक तिला अळणी हिराय म्हणून चिडवत. तिने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही.

शेवटचे आगर बंद पडताच मांत्रिकाने भाव चढवला. आधी धान्य मागितले, मग गुरे, मग रानातला साग. राजाला नाही म्हणायचे होते, पण तोंड उघडले की जिभेवर होकारच येई. सेनापतीने तलवारीला हात घातला, तो हात लुळा पडला. अखेर शुभ्रकेतू म्हणाला, "हा सगळा किनारा मला दे. येत्या पावसाआधी मेजवानी कर आणि दान सोड."

"दिला," राजा म्हणाला आणि रडू लागला. आता रडतोस? टाळ्या वाजल्या तेव्हा हसत कोण होते?

ही बातमी हिरायच्या कानी पडली. किनारा गेला म्हणजे आगर गेले, कायमचे. ती बांधावर बसून होती, तेव्हा रोहित पक्ष्यांची म्हातारी राणी तिच्याजवळ उतरली. आगरे सुकल्यापासून त्या पक्ष्यांचीही उपासमार होती.

"हिराय, तू त्याचे मीठ खाल्लेले नाहीस. म्हणजे आण तुला अडवत नाही," राणी म्हणाली. "तीन कामे कर. तळ एकटीने तुडव. उघाडीचे कुलूप फोडून मीठ पिकव. आणि ते मीठ त्याच्या पोटात घाल."

"त्याच्या पोटात?"

"तोही याच भूमीवर उभा आहे. आण त्यालाही लागते."

हिरायने पदर खोचला. तिवरांची रोपटी उपटली आणि तळ तुडवायला घेतला. चिखलात कालवांच्या शिंपा होत्या, त्यांनी तळवे फाटले. ओळखीची माणसे बांधावरून जात, मदतीला यावे असे त्यांना फार वाटे, पण आगरात पाऊल टाकू म्हटले की पाय जमिनीला चिकटत. पहिले काम एकटीनेच झाले.

मग ती कुलपाकडे गेली. मोठमोठ्या लोहारांच्या हातून घण गळून पडले होते त्या कुलपावर तिने फावडी हाणली. ते मिठाचेच होते, भुगा होऊन पडले. समुद्र आत आला. शुभ्रकेतूला याचा वास लागला आणि त्याने आगरावर ढग धाडले. तेव्हा रोहितांचा थवा वर येऊन पंखाला पंख लावून उभा राहिला. पाऊस पंखांवर पडला आणि बांधापलीकडे ओघळला. पक्षी हलले तसे ऊन आत आले. थोडेसेच मीठ धरले, करडे, जाड. हिरायने ते ओंजळीत घेतले आणि तिला रडू फुटले.

मेजवानीच्या दिवशी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात हात कमी पडत होते. हिरायला आत घेतले.

शुभ्रकेतू हुशार. पाटावर बसताच म्हणाला, "राजा, तुमच्या राज्यात मी फक्त गोड खातो."

"आज उकडीचे मोदक आहेत," राजा म्हणाला.

गोडात मीठ कुठून येणार, असे मांत्रिकाला वाटले. ज्याने जन्मात कधी उकड काढली नाही त्याला काय ठाऊक! तांदळाची उकड चिमूटभर मीठ घातल्याशिवाय होत नाही, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही माहीत असते. आणि आजची उकड हिरायने काढली होती, आपल्या मिठाने. मांत्रिकाने मोदक खाल्ला. छान झालाय म्हणून आणखी एक घेतला. राजाने खाल्ला, दरबाराने खाल्ला.

हिराय पुढे आली. "मांत्रिकबाबा, गलबतं फिरवा."

शुभ्रकेतूने जादूचा दंड उचलू पाहिला. हात वर गेला नाही. त्याने मंत्र म्हणायला तोंड उघडले, तर बाहेर आले, "फिरवतो."

उंबऱ्याशी तो थांबला. "बाई, मी कुणावर जबरदस्ती केली नाही. यांनी हसत हसत घेतले."

"खरं आहे," हिराय म्हणाली. "म्हणून तुमच्यावर माझा राग अर्धाच आहे."

गलबते गेली. राजाने गळ्यातला मोत्यांचा हार काढला. "हिराय, तू राज्य वाचवलेस. हा घे."

"उरलेला राग तुमच्यावर आहे, महाराज. हार नको. आगरं तुडवायला या. दिवाणजींनाही आणा."

दिवाणजींना सबब सांगायची होती. पण पोटात हिरायचे मीठ होते. पाय आपोआप चालू लागले.

डोंगरातून आगरकरी परतले. काहींची आगरे तिवरांनी गिळली होती, ती कोणत्याच मंत्राने परत मिळाली नाहीत. पुढे राजाने नियम केला, की परदेशी गलबताने खुशाल यावे, पण ज्या भावात मीठ पिकतच नाही त्या भावाचे मीठ बंदरात उतरवू नये. नियम चांगला होता. आधी सुचला असता तर बरे झाले असते.

पण तो नंतर. त्या दिवशी राजा गुडघाभर चिखलात होता, शिंपांनी तळवे फाटले होते, आणि त्याने बांधाकडे पाहून विचारले, "बाई, आता पुरे?"

हिरायने टाच दाबून पाहिली.

"अजून पाय रुततोय, महाराज. चालू द्या."