महाराजांच्या नावातली चार टिंबं

बाबू आचाऱ्याच्या नावावर बोट टेकवलं की त्याचं चित्र पडद्यावर लख्ख उजळायचं, झुबकेदार मिशीसकट! महाराजांच्या नावावर बोट टेकवलं की काहीच नाही. पुन्हा टेकवलं, काहीच नाही! शेवटी प्रधानजींनी दोन्ही अंगठे लावून दाबून पाहिलं. पडदा ढिम्म.

खडकनेर संस्थानाची वेबसाइट त्याच संध्याकाळी, महाराजांच्या वाढदिवसाला उघडायची होती. शेजारचे तीन राजे मुद्दाम बघायला आले होते. आणि त्यांना दिसणार कोण? आचारी!

"कुणाचं हे काम?" महाराज कडाडले.

काम होतं दप्तरातल्या जिवबा टायपिस्टाचं. खरं तर त्याने महाराजांच्या चित्राचा आयडी, म्हणजे यंत्राने ओळखायचं नाव, साधा 'अतिविक्रम' ठेवला होता आणि तो बिनतक्रार चालत होता. पण प्रधानजींना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी हुकूम काढून आयडीत सगळी बिरुदं घालायला लावली: 'श्री.म.रा.प्र.अतिविक्रम'. तेव्हापासून महाराज जे गायब झाले ते झालेच! पण प्रधान कधी चुकतो होय? जिवबाला पागेशेजारच्या कोठडीत टाकलं.

देशाच्या राजधानीहून एक तज्ज्ञ आणला होता. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "सोपं आहे. नावातली टिंबं काढून टाका."

"टिंबं काढा?" महाराज सिंहासनावरून उठलेच. "एकेका टिंबामागे आमच्या एकेका पूर्वजाने लढाई केली आहे! आज टिंब काढा म्हणतोस, उद्या मिशी काढा म्हणशील! चालता हो!"

मग त्यांनी भर दरबारात फर्मावलं, "आमच्या आयडीतलं एकही टिंब हलवायचं नाही, बदलायचं नाही. आणि दिवेलागणीच्या आत आमचं चित्र उजळलं पाहिजे. नाहीतर जिवबा हद्दपार!"

सगळे दरबारी आपापल्या जोड्यांकडे बघू लागले. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी बघू का महाराज?"

जिवबाची लेक गोजरा! तालुक्याला संगणक शिकून आलेली. बापाला जेवणाचा डबा द्यायला निघाली होती, ती कोठडीऐवजी दरबारात शिरली होती.

"तू?" प्रधानजी हसले. "राजधानीच्या तज्ज्ञाला जमलं नाही ते?"

"त्यांना टिंबं काढायची होती, प्रधानजी. मला बाप काढायचाय कोठडीतून!"

महाराजांनी मान हलवली. गोजरा संगणकापुढे बसली, यंत्राला हुकूम देणारी स्क्रिप्ट उघडली आणि क्षणात म्हणाली, "यंत्राची काही चूक नाही, महाराज. स्क्रिप्ट चित्राला नावाने हाक मारते, त्या हाकेत टिंब आलं की यंत्र समजतं, नाव संपलं, आता पुढे गटाचं नाव येणार. म्हणून ते आपल्याला शोधतच नाहीये. ते 'श्री' नावाच्या कुणाला तरी शोधतंय, जो म गटात आहे, रा गटात आहे, प्र गटात आहे, आणि अतिविक्रम गटातही आहे."

"असा कुणी आमच्या राज्यात आहे?"

"नाही महाराज."

"मग तसं ते सांगत का नाही?"

"कचेरीतलं यंत्र आहे, महाराज. काम झालं नाही की गप्प बसतं."

एक म्हातारे सरदार खुदकन हसले आणि लगेच खोकले.

गोजराने हाकेत प्रत्येक टिंबाच्या आधी एक तिरकी रेघ घातली. प्रधानजी ओरडले, "महाराज! हिने आपल्या नावात काठ्या खुपसल्या!"

"नावात नाही, हाकेत!" गोजरा म्हणाली. "आयडी बघा, जसाच्या तसा आहे. महाराज येतात तेव्हा पुढे चोपदार चालतो ना? तशी टिंबापुढे ही काठी. तिने यंत्राला कळतं की हे टिंब हुकूम नाही, हा नावातलाच मानकरी आहे."

"चोपदार!" महाराज खूश झाले. "प्रत्येक टिंबाला वेगळा? वा! दाबा!"

प्रधानजींनी दाबलं. काहीच नाही!

बाहेर मशालजी तेल घेऊन उभे राहिले. प्रधानजींच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. बापाची पेटी भरायची, गाव सोडायचं, सगळं गोजराला दिसू लागलं. तिने ती ओळ पुन्हा अक्षर अक्षर वाचली. मग कपाळावर हात मारला, आणि प्रत्येक काठीशेजारी आणखी एक काठी उभी केली.

"आता दाबा!"

पडदा झळाळला! महाराज, मुकुट, मिशी, सगळं जागच्या जागी, आणि आचाऱ्यापेक्षा दुप्पट मोठं! शेजारच्या राजांनी टाळ्या पिटल्या.

प्रधानजींना मात्र राहवेना. "एका टिंबाला दोन-दोन काठ्या? हा काय उधळेपणा? एकीने का भागलं नाही?"

"कारण हाक आत जाण्याआधी दारावर एकदा वाचली जाते, प्रधानजी," गोजरा म्हणाली. "आणि दारावरचा पहारेकरी एक काठी स्वतःच गिळतो. आत एक पोचवायची तर बाहेरून दोन धाडाव्या लागतात. दरबारात अर्ज पाठवणाऱ्या कुणालाही विचारा!"

महाराज असे हसले की मुकुट कानावर आला. शेजारचे राजेही हसले, कारण त्यांच्याकडेही दारं होतीच.

"जिवबाला सोडा! आत्ताच्या आत्ता!" महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि पोरी, तुला बक्षीस काय? एखादी पदवी देऊ? चांगली सहा टिंबांची?"

"नको महाराज! दुभती म्हैस द्या. तिला मी नुसतं 'चंद्री' म्हणेन."

"दिली! प्रधानजी, आमच्या गोठ्यातून एक म्हैस..." महाराज थांबले, प्रधानजींकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "नाही, दोन धाडा. म्हणजे एक तरी हिच्या दारी पोचेल!"